माहेरी आली की बरी

माझी लेक माहेरी आली की दुसऱ्या दिवशी तिचं दुखणं जायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, दहा वेळा. एसटीतून उतरायची ती ओटीपोटावर मूठ दाबून, कमरेत वाकून, तोंड उतरलेलं. चहा घेतला की मधल्या खोलीत जाऊन आडवी पडायची. आणि सकाळी अंगणात ऊन यायच्या आत पोरांच्या मागं पळत असायची. मी म्हणायचे, "काय गं, काल तर जीव जायलाय म्हणत होतीस. कुठं गेलं दुखणं?" ती हसायची. म्हणायची, "माहेरी आले की पळतंय बघ, आई." मीही हसायचे. चार वर्षं आम्ही दोघी ह्याच्यावर हसलो. आता ते आठवलं की माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मी गावात अंगणवाडी सेविका. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून आत. मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लेकरांची वजनं काट्यावर येतील तीच मी लिहिते. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या होत्या, "बाई, जरा बघून लिहा, वरती उत्तर द्यावं लागतं." मी म्हणाले, "लेकरू हलकं भरलं तर हलकंच लिहिणार. तुम्ही येऊन त्याला खाऊ घाला, मग जास्त लिहिते." भावकीच्या बांधाच्या भांडणात सख्ख्या दिराच्या विरुद्ध बोलले होते, कारण दगड त्यानंच सरकवला होता. लोक म्हणायचे, ही बाई मेली तरी लबाड बोलायची नाही. मला त्याचा लई अभिमान होता.

लेकीला दिली ती तुळजापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात. घर मोठं, जमीन चांगली, माणसं अकरा. तिला दुसरं लेकरू झालं आणि त्यानंतर हे दुखणं लागलं. ओटीपोटात जड जड, खाली कायतरी उतरायलंय असं. सकाळी काही नसायचं. दिवसभर उभ्यानं काम झालं की दुपारनंतर सुरू, आणि दिवेलागणीला तर तिला धड चालता येईना. विहीणबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणायच्या, "सकाळी न्याहारीला दुखत न्हाई, कामाच्या टायमाला बरं दुखतं!" माझ्या लेकीला तरी काय हवं होतं? दुपारी अर्धा तास पाठ टेकायची मुभा, आणि दुखतंय म्हटल्यावर कुणीतरी एका माणसानं 'व्हय' म्हणावं. बस, एवढंच. सोनं मागत नव्हती ती.

दवाखाने केले. नाही म्हणत नाही, जावईबापूंनी दोनदा सोनोग्राफी करून आणली. दोन्ही वेळेला तिला टेबलावर आडवं निजवलं, पोटावर गार गार लावलं आणि सांगितलं, सगळं नॉर्मल. मग पित्ताच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, रक्तवाढीच्या गोळ्या. रोग म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. एका डॉक्टरानं तर सरळ सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. पोरगी तिशीची नव्हती हो! आमच्या गावात पिशवी काढलेल्या बाया मी रोज बघते. आमचे मालक कधी मोठ्यानं बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी जावयाला फोन करून निक्षून सांगितलं, पिशवीला हात लावायचा नाही. तेवढं एक त्या माणसानं चांगलं केलं. मी काय केलं ते आता सांगते.

दसरा झाला की कोजागिरीपर्यंत तुळजापूरचा रस्ता माणसांनी भरतो. सोलापूरकडून, कर्नाटकातून लोक पायी येतात. लेकीचं सासर रस्त्यालाच, त्यामुळं त्यांच्याकडं दरवर्षी मांडव घालून चालणाऱ्यांना पिठलं-भाकरी द्यायची रीत. पुण्याचं काम आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण पाच-सहा दिवस त्या घरातल्या बायकांचं बूड टेकत नाही. त्या वर्षी धाकटी जाऊ बाळंतपणाला गेलेली, म्हणजे सगळं हिच्यावर. पहाटेपासून ओट्याशी उभं राहून भाकऱ्या, नंतर मांडवात उभं राहून वाढणं. चौथ्या दिवशी भर पंगतीत हिनं हातातली परात खाली ठेवली, घरात गेली आणि आडवी पडली. विहीणबाई मागनं आल्या. "देवीची लेकरं उपाशी बसलीत अन् तू झोपतीस व्हय?" ही कधी उलटून बोलणारी नाही, पण त्या दिवशी बोलली. "मला उभं राहवत न्हाई, आत्या. मला मारा, पण उभं राहा म्हणू नका." दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी तिला पोरांसकट एसटीत बसवून दिलं. डोकं ठिकाणावर आलं की ये म्हणाले.

आमच्याकडं आली, झोपली, आणि दोन दिवसांत बरी झाली. मला राग आला होता खरं तर, सासरच्यांचाही आणि तिचाही. मी तिला म्हणाले, "तुझं दुखणं म्हंजे काम अंगावर आलं की येणारं दुखणं दिसतंय." ती शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलं नाही.

आठ दिवसांनी बैठक बोलावली, त्यांच्याच घरी. पुढच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ बाप्ये, त्यात लग्न जमवणारे आमचे दूरचे पाहुणे, आणि जावयाचे थोरले चुलते. त्यांचा शब्द त्या घरात शेवटचा. लेक आतल्या दाराशी उभी होती, पेंगलेलं धाकटं कडेवर घेऊन. बोलणं इकडून तिकडं झालं. हे म्हणाले, पोरगी आजारी आहे. ते म्हणाले, रिपोर्ट दाखवा, दोनदा तपासलं. तेवढ्यात विहीणबाई दाराआडून बोलल्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला? पोरीची आई बसलीय की हितं. त्या लबाड बोलत न्हाईत म्हणत्यात सगळी. त्यांनीच सांगावं, तुमच्या घरी दुखतं का हिचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी लेकही बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मी बघायला पाहिजे होतं, पण मी चुलत्यांकडं बघत होते. बाप्यांच्या बैठकीत मला विचारलं, माझ्या खरेपणावर विचारलं, ह्यानंच मी फुगले असणार. मी म्हणाले, "आल्या दिवशी दुखतं. दुसऱ्या दिवसापासून न्हाई. माझ्याकडं ती ठणठणीत असते."

खरं होतं ते. अक्षर न् अक्षर खरं होतं.

चुलते म्हणाले, "मग झालं की. हे दुखणं जागेचं हाय, अंगाचं न्हाई." दोघं-तिघं हसले. आमचे मालक मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. ठरलं असं की आता दवाखाने बंद, आणि माहेरी सारखं पाठवायचं नाही, पंचमीला दोन दिवस तेवढे. माझ्या लेकीनं कडेवरचं लेकरू ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि आत गेली. आम्ही निघताना सगळ्यांना चहा दिला. तो तिनंच केला होता.

त्यानंतर दोन वर्षं तिनं दुखण्याचं नाव काढलं नाही. फोन केला की, "कशी हाईस?" "बरी हाय." मी शहाणी! मला वाटलं, बैठकीनं पोरगी मार्गाला लागली. शेजारणीला सांगितलंसुद्धा मी तसं. एकदा पंचमीला आली होती तेव्हा न्हाणीत पाय धुताना तिचं लुगडं वर खोचलेलं, आणि मांडीच्या आतल्या बाजूला मला निळ्या-जांभळ्या शिरा दिसल्या, गांडुळासारख्या फुगलेल्या. म्हणाले, "हे काय गं?" तिनं लुगडं खाली ओढलं. मीच वर म्हणाले, "बाळंतपणात येत्यात तसलं. माझ्या पण पोटऱ्यांना हायत." झालं, तिथंच तो विषय संपवला मी.

आणखी एका पंचमीला ती आली आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी आमच्या शाळेत शिबीर लागलं. सोलापूरचे डॉक्टर आलेले. माझी ड्यूटी चिठ्ठ्या लिहायची, बायका-लेकरांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशेजारी. लेक आली ती स्वतःसाठी नाही, धाकट्याचा खोकला दाखवायला. रांग मोठी होती, तासभर उभी होती ती. डॉक्टरीणबाई पोराच्या छातीला नळी लावून ऐकत होत्या, पण डोळे माझ्या लेकीवर. ही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, मूठ कमरेत खुपसून. आमच्या घरात सगळ्यांनी ते इतक्यांदा बघितलं होतं की आता ते दिसतच नव्हतं.

"तुमचं काय दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई."

बाई चिकट होत्या. पोराला खाली उतरवलं आणि एक-एक विचारायला लागल्या. संध्याकाळी जास्त होतं का? व्हय. उभं राहिल्यावर? व्हय. पाळीच्या आधी? व्हय. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात त्यांनी आणखी एक विचारलं. लेकीनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय. मालकाजवळ गेलं की दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकतं." हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं, दर महिन्याला किती वेळा, देव जाणे. मी चिठ्ठीवर काय लिहीत होते ते मला कळेना.

"आणि झोपल्यावर? आडवं पडलं की?"

तिनं पोराला जवळ ओढलं. मी तिची आई आहे, तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला कळलं. ह्या प्रश्नाचं उत्तर दिलं की काय होतं ते तिनं बैठकीत बघितलं होतं. ती म्हणाली, "झोपल्यावर पण दुखतंय. तसंच."

आणि मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं मला. "न्हाई ओ मॅडम. झोपल्यावर जातं तिचं. दुसऱ्या दिवशी तर बिलकुल नसतं."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या तोंडावर थुंकले असते तरी तिनं तसं बघितलं नसतं. पण डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "झोपल्यावर जातं? नक्की? अहो, हेच तर मला ऐकायचं होतं." मग त्या तिला म्हणाल्या, "ताई, हे नसांचं दुखणं असणार. पायाच्या शिरा फुगतात ना, तशा ह्या आत फुगतात, पिशवीच्या आजूबाजूला. उभं राहिलं की भरतात, आडवं पडलं की रिकाम्या होतात. म्हणून आराम पडतो. तुम्ही नाटक करत नाही." आता हे 'नाटक' कुणी काढलं होतं? कुणीच नाही. बाईंनी आपणहून म्हटलं. अशा किती बाया त्यांनी बघितल्या असतील.

सोलापूरला न्यायचं तर सासरी सांगणं भाग होतं. मी स्वतः गेले. विहीणबाई गहू निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच म्हणला होता की, ठणठणीत असते म्हणून. आता दुसरं कसं म्हणताव?" मी म्हणाले, "चुकले मी." त्या म्हणाल्या, "तवा तुमी खरं बोलला का आता बोलायलाव?" मी आपली त्यांच्या गव्हातले खडे वेचायला बसले. दोन्ही वेळेला खरंच बोलत होते, आणि हे त्या बाईला कसं पटवून द्यावं? शेवटी जावईबापू बाहेरून आले. आईकडं न बघता म्हणाले, "मी नेतो." का म्हणाले ते मला माहीत नाही. रात्री तिच्या शेजारी झोपणारा माणूस तो, त्यालाही काही दिसतच असेल की.

सोलापुरात तिची सोनोग्राफी पहिल्यांदा उभं करून केली. उभं राहा, श्वास रोखा, कुंथा. पडद्यावर निळं-लाल पाणी उलटं वाहताना मला डॉक्टरांनी दाखवलं. त्यांनी समजावलं की नसांमध्ये बारीक झडपा असतात, रक्त वर ढकलायला. बाळंतपणात नसा ताणल्या की काही बायांच्या झडपा निकामी होतात आणि रक्त खाली साचतं. आमचे मालक इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "म्हंजे फूटवॉल गेला म्हणा की." विहिरीत पाइपाच्या तळाला जी झडप असते ती. ती गेली की मोटार बंद करताच चढलेलं पाणी परत विहिरीत. डॉक्टर हसले, म्हणाले, "अगदी तेच." मलाही बरोबर समजलं. फूटवॉल गेला तर शेतकरी दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरतो. इथं सहा वर्षं गेली.

उपाय असा की मानेतल्या नसेतून बारीक नळी सरकवत खाली न्यायची, मशीनवर बघत बघत, आणि निकामी नसेत तारेची बारीक वेटोळी सोडून ती नस बंद करायची. मग रक्त दुसऱ्या चांगल्या नसांनी जातं. पोट फाडायचं नाही, टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. सगळ्यांनाच पुरता गुण येतो असं नाही, हेही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ते मला आवडलं.

तिला आत न्यायच्या आधी आम्ही दोघीच होतो. तिला हिरवा झगा घातलेला, केस टोपीत. मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला. म्हणाली, "आई, शिबिरात तू मधी बोललीस. मी बरी व्हावी म्हणून बोललीस का खरं हाय म्हणून बोललीस?"

तेव्हा तरी मी काय म्हणायला पाहिजे होतं ते एखाद्या लहान लेकराला कळलं असतं. पण जित्याची खोड. म्हणाले, "खरं हाय म्हणून."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि सिस्टर तिला घेऊन गेल्या.

दीड-दोन तासांनी बाहेर आली. मी मनात मोठं ऑपरेशन धरलेलं, पट्ट्या, नळ्या, रक्ताच्या बाटल्या. तर मानेवर टिकलीएवढी पट्टी. बस्स. त्या पट्टीकडं बघून मला इतकं रडू आलं की सिस्टरनं मला बाहेर बसवलं. एवढ्याशा भोकासाठी माझ्या लेकीनं सहा वर्षं उभ्यानं काढली, आणि त्यातली दोन वर्षं माझ्या जबानीवर.

दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. आठवडाभर जड उचलायचं नाही, आराम करायचा. मी तिची कपड्यांची पिशवी माझ्या हातात घेतली, कारण आराम म्हणजे माहेर हे मी धरूनच चालले होते. तिनं पिशवी माझ्याकडून काढून घेतली आणि जावयाकडं दिली. "मी घरी जाते," म्हणाली. मी म्हणाले, "अगं, तिथं तुला कोण झोपू देणार हाय?" ती म्हणाली, "डॉक्टरनं कागदावर लिहून दिलंय. आता झोपू द्यावं लागंल त्यास्नी."

आणि दिलं. विहीणबाईच आता पाहुण्यारावळ्यांना सांगतात, आमच्या सुनेच्या नसात तार घातलीय, तिला लई वेळ उभं करायचं नसतं. पहिले चार-पाच दिवस कमरेत ठणका होता, मग दोन-तीन महिन्यांत दुखणं सरत गेलं. पाळीच्या आधी थोडं जड वाटतं, तेवढंच राहिलंय.

यंदाची पंचमी झाली. ती आली नाही. पोरांची शाळा असेल, शेतात खुरपणी असेल, मी वाट बघितली. चार दिवस झाल्यावर फोन केला. म्हणाले, "अगं, ये की आता. पोरांना घेऊन ये. चार दिवस राहा, आराम कर, पड मधल्या खोलीत. कुणी काही म्हणायचं न्हाई तुला."

तिकडं पोरांचा दंगा चालला होता. ती त्यांना काहीतरी ओरडली, मग फोनवर आली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

"आता दुखत न्हाई, आई," ती म्हणाली. "आता कशाला येऊ?"

तिकडं पोरं परत ओरडायला लागली. ती म्हणाली, "ठेवू का?"